रिव्हेटचे हत्यार अडकले तर पत्र्याला इजा न होता ते कसे सोडवावे

दोन आसनांच्या संपूर्ण धातूच्या विमानात रिव्हेटांची संख्या सहज दहा हजारांच्या पुढे जाते, आणि घरच्या कार्यशाळेत ती सगळी एक-दोन माणसांच्या हातांतून जातात. इतक्या वेळा वापरलेले हत्यार कधीतरी अडकणारच. स्क्वीझरच्या (रिव्हेट दोन बाजूंनी दाबून बसवणाऱ्या हत्याराच्या) योकमधून, म्हणजे पुढच्या जबड्यातून, डाय (रिव्हेटला आकार देणारा पोलादी ठसा) निघत नाही, पॉप रिव्हेटचा (मधला खिळा ओढून बसवायच्या रिव्हेटचा) पुलर रिव्हेटवरच पकडून राहतो, हवेच्या फटक्यांनी रिव्हेट ठोकणाऱ्या गनमधला स्नॅप (रिव्हेटवर टेकणारा दांडा) हलत नाही, क्लेको (पत्रे तात्पुरते जोडून धरणारी पकड) भोकातून सुटत नाही. अशा वेळी चूक बहुधा अडकण्यात होत नाही, ती त्यानंतरच्या दोन मिनिटांत होते, कारण काम थांबल्याच्या घाईत माणूस पक्कड उचलतो आणि हत्याराला लावलेला जोर पत्र्यात जातो.

हत्यार बदलता येते, पण डिंपल केलेला (भोकाभोवती रिव्हेटच्या डोक्यासाठी खळगा पाडलेला), प्रायमर मारलेला आणि शेजारच्या चाळीस भोकांशी जुळवलेला पत्रा बदलणे फार महाग पडते. विमानाच्या कातडीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या २०२४-टी३ अल्क्लॅड पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा जो संरक्षक थर असतो, तो ०.०३२ इंच जाडीच्या पत्र्यात दर बाजूला साधारण ०.०४ मिलिमीटर इतकाच असतो. घसरलेल्या पक्कडीचा एक ओरखडा तो थर सहज पार करतो आणि तिथून गंजाला वाट मिळते. सुरुवातीच्या काळात मी अडकलेली डाय पक्कडीने ओढताना पक्कड सुटली आणि तिचे टोक शेजारच्या रिबच्या (पत्र्याला आतून आकार देणाऱ्या फासळीच्या) फ्लँजवर, म्हणजे दुमडलेल्या कडेवर, आदळले. ती रिब मला पुन्हा घडवावी लागली. तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो आहे: सोडवण्याचा सगळा जोर हत्याराच्या दोन भागांमध्येच राहिला पाहिजे, त्यातला काहीही विमानाच्या भागात जाता कामा नये. पुढे सांगितलेली प्रत्येक पद्धत याच नियमातून आलेली आहे.

सर्वप्रथम हवा बंद

हत्यार हवेवर चालणारे असेल तर आधी नळी काढावी, मग ट्रिगर एकदा दाबून आत उरलेली हवा सोडून द्यावी. अडकलेल्या गनमध्ये किंवा स्क्वीझरमध्ये दाब शिल्लक असताना बोटांनी चाचपणी करणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण अडथळा दूर झाल्याच्या क्षणी हत्यार आपला उरलेला फटका पूर्ण करते. डोळ्यांवर चष्मा असावाच. डाय कठीण पोलादाची असते, आणि तिच्यावर हातोडी पडली तर कपचा उडू शकतो.

त्यानंतर हत्याराचे वजन पत्र्यावर लटकत राहणार नाही अशी व्यवस्था करावी. खाली लाकडी ठोकळा, वाळूची पिशवी किंवा जाड कापडाची घडी ठेवावी, शक्य असल्यास दुसऱ्या माणसाला हत्यार धरायला सांगावे. मग कोण कशात अडकले आहे हे शांतपणे ठरवावे. हत्याराचाच एक भाग दुसऱ्या भागात अडकला असेल तर ते हत्यार विमानापासून दूर, बाकावर नेऊन सोडवता येते. हत्यार विमानाच्या भागाला धरून बसले असेल तर मात्र जागेवरच काम करावे लागते आणि तिथे संयम अधिक लागतो. आजूबाजूच्या पत्र्यावर जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने लावून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुलर रिव्हेटवरच पकडून राहतो तेव्हा

हा प्रसंग सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. पॉप रिव्हेटच्या हातपुलरमध्ये दोन किंवा तीन छोटे दातेरी जबडे एका शंकूच्या आकाराच्या घरात बसलेले असतात. हँडल दाबले की ते घर मागे सरकते, शंकूच्या उतारामुळे जबडे रिव्हेटच्या खिळ्यावर आवळले जातात आणि खिळा ओढला जातो. हँडल पूर्ण उघडले की जबडे पुढे येऊन नोजच्या (पुलरच्या तोंडाशी असलेल्या, खिळा आत घेणाऱ्या भागाच्या) आतल्या टोकाला टेकतात, ते टोक त्यांना अलग करते आणि खिळा मोकळा होतो. खिळ्याच्या आणि रिव्हेटच्या धातूचा कीस दातांत किंवा शंकूच्या उतारावर साचला, आतला भाग कोरडा पडला, जबड्यांची झीज झाली किंवा खिळ्याच्या जाडीला न शोभणारे नोज लावले गेले, तर जबडे अलग होण्याऐवजी तिथेच रुतून बसतात. खिळा तुटला नसेल तर पुलर विमानालाच जखडला जातो.

अशा वेळी पुलर मागे ओढणे ही अंतःप्रेरणा असते आणि तीच नेमकी उलटी आहे. मागे ओढल्याने शंकू जबड्यांना आणखी आवळतो, शिवाय रिव्हेटभोवतीचा पातळ पत्रा बाहेर फुगतो. पुलर रिव्हेटच्या दिशेने, म्हणजे खिळा आणखी आत जाईल असा, ढकलावा लागतो. पत्र्याच्या मागच्या बाजूने हाताने किंवा ठोकळ्याने आधार द्यावा, हँडल शक्य तितके पूर्ण उघडावे, उघडत नसेल तर दोन्ही हातांनी समान जोर लावून उघडावे, आणि पुलर सरळ रेषेत पुढे ढकलत मागच्या टोकावर नायलॉनच्या हातोडीने दोन-तीन हलक्या टिचक्या माराव्यात. नोजमध्ये खिळ्याच्या कडेने पातळ तेलाचा एक थेंब सोडला आणि पाच मिनिटे थांबले तर बहुतेक वेळा इथेच काम होते. तेल पत्र्यावर ओघळू नये म्हणून खाली चिंधी धरावी. प्रायमर मारायचा बाकी असलेल्या पृष्ठभागावर तेल गेले तर प्रायमर धरत नाही.

तरीही सुटले नाही तर हत्यार रिव्हेटवर असतानाच उघडावे. अनेक हातपुलरमध्ये नोज ज्या पुढच्या नळीत बसते ती नळी मुख्य अंगावर आट्यांनी बसवलेली असते. एका पान्याने नळी स्थिर धरावी आणि दुसऱ्या हाताने पुलरचे अंग फिरवून मोकळे करावे. हे करताना हँडल पूर्ण उघडे असलेच पाहिजे, नाहीतर आटे सुटताना अंग मागे सरकते आणि त्याबरोबर खिळाही ओढला जातो. अंग बाजूला झाले की जबड्यांचे घर दिसते. तेही बहुधा दोन भागांत उघडते आणि त्याचा पुढचा भाग सैल केला की जबडे गळून पडतात. ते लहान असल्यामुळे खाली फडके पसरलेले असावे आणि गळलेले सगळे तुकडे मोजून घ्यावेत, कारण विमानाच्या पोकळीत गेलेला जबडा नंतर उड्डाणात कुठे जाऊन बसेल हे कोणी सांगू शकत नाही.

खिळा कापणे हा शेवटचा उपाय समजावा. नोज आणि रिव्हेटच्या डोक्यामध्ये किंचित फट मिळाली असेल तर त्या फटीत पातळ पोलादी पट्टी पत्र्यावर टेकवून ठेवावी आणि हॅकसॉच्या सुट्या पात्याने खिळा कापावा. खिळ्याचा तुकडा पुरेसा बाहेर राहिला आणि रिव्हेट अर्धवटच आवळलेली असेल, तर दुसऱ्या पुलरने तो तुकडा पकडून काम पूर्ण करता येते. तसे जमले नाही तर रिव्हेट काढावी लागेल. त्यासाठी आधी पिन पंचने खिळ्याचा उरलेला भाग मागे ठोकून बाहेर घालवावा आणि मगच ड्रिल लावावे, कारण पोलादी खिळा मध्ये असताना ड्रिलचे टोक त्याच्यावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते आणि भोक अंडाकृती होते.

पुलर सुटल्यावर जबडे द्रावकात बुडवून दात पितळी ब्रशने स्वच्छ करावेत, शंकूच्या आतल्या उतारावर तेलाचा हलका हात फिरवावा आणि टाकाऊ पत्र्यावर किमान चार रिव्हेट बसवून पाहाव्यात. खिळा तुटल्यावर पुलर खाली झुकवताच तुकडा आपोआप पडला पाहिजे. प्रत्येक वेळी झटका द्यावा लागत असेल तर जबडे बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

स्क्वीझरच्या योकमध्ये बसलेली डाय

स्क्वीझरच्या डायचा दांडा ३/१६ इंच व्यासाचा असतो आणि तो योकमधल्या भोकात अगदी जुळवून बसतो. या जुळणीत प्रायमरची पूड, थोडासा गंज किंवा दांड्याच्या कडेला उठलेली बारीक धार शिरली तर डाय हाताने निघत नाही. योक स्क्वीझरपासून वेगळा करून बाकावर आणावा. योकचे भोक मागून आरपार असेल तर काम सोपे आहे: योकखाली डायचे डोके सहज मावेल असे भोक असलेला लाकडी ठोकळा ठेवावा, दांड्याच्या व्यासापेक्षा किंचित बारीक पिन पंच मागून लावावा आणि हलक्या, सरळ टिचक्यांनी डाय बाहेर काढावी. आधी गंज सोडवणारे पातळ तेल घालून ते रात्रभर मुरू दिले तर टिचक्याही फार लागत नाहीत.

भोक मागून बंद असेल तर जोर समोरूनच लावावा लागतो. हॉट एअर गनने योक साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावा. उष्णतेने योकचे भोक किंचित फुगते आणि दांडा तेवढ्या वेळात फारसा तापत नाही. मग डायच्या डोक्याभोवती चामड्याची किंवा रबराची पट्टी गुंडाळून ते पक्कडीने धरावे आणि ओढण्याऐवजी आधी डावी-उजवीकडे फिरवावे. डाय थोडी जरी फिरली तरी ती निघणार हे नक्की समजावे. टॉर्चची ज्योत मात्र कधीही लावू नये, कारण ज्योतीने डायचे पाणी उतरते आणि तशी मऊ पडलेली डाय पुढच्या शंभर रिव्हेटांत आपला आकार गमावते. डायचा काम करणारा चेहरा कोणत्याही परिस्थितीत उघड्या पक्कडीत धरू नये. त्या चेहऱ्यावरची प्रत्येक खूण पुढे प्रत्येक रिव्हेटवर उमटते.

बाहेर आलेल्या दांड्यावर उठलेली धार बारीक दगडाने किंवा ६०० नंबरच्या एमरी पेपरने घालवावी. व्यास कमी होईपर्यंत घासू नये, कारण सैल डाय तिरकी बसते आणि रिव्हेटचे डोके एका बाजूला झुकते.

हवेचा स्क्वीझर रिव्हेट अर्धी दाबून मध्येच थांबला, तर त्याचे कारण बहुधा डायमधल्या अंतरात असते. या स्क्वीझरमध्ये पिस्टन एका पाचरीच्या साहाय्याने रॅम (डाय रिव्हेटवर दाबणारा दांडा) पुढे ढकलतो आणि त्याची खरी ताकद स्ट्रोकच्या अखेरच्या भागातच मिळते. डाय जास्त पुढे लावलेल्या असतील तर रॅम स्ट्रोकच्या सुरुवातीलाच रिव्हेटला भिडतो आणि तिथे लागणारी ताकद त्याच्याकडे नसते. ट्रिगर सोडल्यावरही रॅम मागे येत नसेल तर हवा काढून, हवेच्या तोंडात तेलाचे तीन-चार थेंब टाकून, नळी पुन्हा जोडावी आणि कमी दाबावर ट्रिगर क्षणभर दाबून सोडावा. पाचरीवर तेल पोहोचले की ती बहुधा मागे येते. ताण असताना योकच्या पिना ठोकून काढण्याचा मोह टाळावा. ताणाखाली सुटलेला योक उडतो, आणि त्याच्या वाटेत हात आणि पत्रा दोन्ही असतात. सुटल्यावर रॅम पूर्ण पुढे आलेला असताना दोन डायमध्ये तयार रिव्हेटच्या एकूण जाडीइतके अंतर राहील अशी मांडणी करावी.

डिंपल डायचे टोक पत्र्यात रुतणे

डिंपल डायच्या मधला बारीक दांडा भोकापेक्षा नावापुरताच लहान असतो. भोकाची कड नीट साफ केलेली नसली किंवा ३/३२ इंची रिव्हेटसाठी ४० नंबरऐवजी बारीक ड्रिल वापरले गेले असले, तर डिंपल होताना भोकाची कड दांड्याला पकडते. सी-फ्रेमवर (दोन डाय समोरासमोर धरणाऱ्या सी आकाराच्या चौकटीवर) काम करताना पत्रा मोठा असतो आणि माणूस तो कडेला धरून उचलतो. इथेच पत्रा भोकाभोवती मुरडतो आणि ती मुरड नंतर रंगाखालीही दिसत राहते. त्याऐवजी दोन्ही हातांची बोटे डायच्या अगदी लगत, समोरासमोर ठेवून पत्रा सरळ वर उचलावा. निघत नसेल तर पातळ लाकडी पट्टीला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच पाडावी, ती पट्टी डायभोवती पत्र्याखाली सरकवावी आणि पट्टीने पत्रा चहूबाजूंनी सारखा उचलावा. माझ्या सी-फ्रेमला अशी पट्टी कायम दोरीने बांधलेली असते.

गनमध्ये अडकलेला स्नॅप

हलक्या रिव्हेट गनच्या स्नॅपचा दांडा ०.४०१ इंचाचा असतो. पिस्टनचे फटके खाऊन त्याचे मागचे टोक छत्रीसारखे पसरू शकते, आणि मग स्नॅप नळीतून मागे-पुढे हलतो पण बाहेर येत नाही. गन धातूवर न टेकवता चालवण्याची सवय असेल तर ही झीज फार लवकर होते. हवेची नळी सोडून, गन उभी धरून स्नॅपच्या कडेने पातळ तेल सोडावे आणि तासभर तरी मुरू द्यावे. मग स्नॅपचा दांडा व्हाईसमध्ये तांब्याच्या किंवा लाकडाच्या जबड्यांमध्ये धरावा आणि गनचे अंग हाताने डावी-उजवीकडे फिरवत मागे घ्यावे. गनची नळीच व्हाईसमध्ये आवळणे चुकीचे आहे, कारण नळी चेपली तर पिस्टन अडकतो आणि गन कायमची जाते.

हवेच्या फटक्याने स्नॅप बाहेर उडवण्याचा सल्ला कधी कोणी दिला तर तो मानू नये. स्नॅपला गनमध्ये धरून ठेवणाऱ्या रिटेनर स्प्रिंगशिवाय सुटलेला स्नॅप गोळीसारखा जातो. हवेची मदत घ्यायचीच असेल तर रिटेनर स्प्रिंग जागेवर ठेवून, स्नॅप कठीण लाकडावर घट्ट दाबून, दाब अगदी कमी ठेवून क्षणभर ट्रिगर दाबावा. त्या कंपनाने तेल आत उतरते. बाहेर निघालेल्या स्नॅपच्या टोकाची पसरलेली कड दगडाने सारखी करावी. टोकाला तडा दिसला तर तो स्नॅप पुन्हा वापरू नये.

क्लेको आणि डॉली

क्लेको बहुधा प्रायमरमुळे किंवा इंधन टाकीच्या सीलंटमुळे अडकतात. क्लेकोच्या पक्कडीने प्लंजर दाबून ठेवावा, क्लेको आधी पत्र्याकडे ढकलावा, पाव फेरी फिरवावा आणि मग सरळ बाहेर घ्यावा. तिरका ओढला तर भोक लांबट होते. पाय जवळ येत नसतील तर मागच्या बाजूने नाकाड्या पक्कडीने ते दाबावेत. मागून पोहोचता येत असेल आणि दुसरा उपायच नसेल तर पाय कापून टाकावेत, पण तुकडे पोकळीत पडू देऊ नयेत. सीलंटच्या कामात वापरलेले क्लेको सीलंट कडक होण्याआधीच काढून द्रावकात टाकावेत. बी-२ प्रकारच्या सीलंटला कामाचा वेळ सुमारे दोन तासांचाच मिळतो, म्हणून एका वेळी किती लांबीचे काम घ्यायचे हे त्या हिशेबानेच ठरवावे.

डॉली (रिव्हेट ठोकताना मागून धरायचा जड ठोकळा) रिबांच्या मध्ये अडकून बसली तर ठोकू नये. ती कोणत्या कोनातून आत गेली हे आठवून त्याच मार्गाने मागे फिरवावी. टंगस्टनच्या डॉलीला चुंबक नीट धरत नाही, त्यामुळे बंद जागेत जाणाऱ्या छोट्या डॉलीला आधीच मजबूत दोरी बांधून ठेवणे बरे.

सुटल्यानंतरची तपासणी

हत्यार मोकळे झाले म्हणजे विमान सुरक्षित आहे असे गृहीत धरता येत नाही. अडकलेल्या जागेवरच्या आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या रिव्हेट तपासाव्यात. घडवलेल्या (ठोकून किंवा दाबून तयार झालेल्या) डोक्याचा व्यास रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी, म्हणजे ३/३२ इंची रिव्हेटसाठी सुमारे ३.६ आणि १.२ मिलिमीटर, तर १/८ इंचीसाठी सुमारे ४.८ आणि १.६ मिलिमीटर. डोके झुकलेले असेल, त्याला चीर गेली असेल किंवा पत्र्यांमध्ये फट दिसत असेल तर ती रिव्हेट काढावी. ३/३२ इंचीला ४० नंबरचे आणि १/८ इंचीला ३० नंबरचे ड्रिल घेऊन रिव्हेटच्या मूळ डोक्यात फक्त त्याच्या उंचीइतके भोक पाडावे, पिन पंच त्यात घालून डोके मोडावे आणि मागून आधार देऊन दांडा हळूच ठोकून बाहेर काढावा. भोक वाढले असेल तर पुढच्या मापाची रिव्हेट चालेल का, हे विमानाच्या आराखड्यात पाहावे किंवा आराखडाकाराला विचारावे, आणि त्याने दिलेले उत्तर तारखेसह बांधणीच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.

ओरखडा पडलेल्या जागेवर भिंगातून पाहावे. थर फाटलेला नसेल तर बारीक पॉलिश पेपरने कड मऊ करून प्रायमर मारावा. खोली नखाला जाणवत असेल तर तो भाग बाजूला ठेवून आराखडाकाराचे मत घ्यावे, आणि उत्तर येईपर्यंत त्या भागावर पुढची रिव्हेट बसवू नये.